झोपेचं सलाईन

जनवाड्याच्या त्या गल्लीत दिवसा झोपायला तीनच कारणं चालत. माणूस आजारी पाहिजे, बाई असली तर बाळंतीण पाहिजे, नाहीतर रात्री ढोसून आलेला पाहिजे. दीपमाला ह्यातल्या कशातच बसत नव्हती आणि तिथंच सगळं घोडं अडलं होतं. ती बीदरच्या एका खासगी दवाखान्यात सिस्टर. पंधरा दिवस दिवसपाळी, पंधरा दिवस रात्रपाळी. रात्रपाळी म्हणजे संध्याकाळी आठ ते सकाळी आठ. साडेनऊला घरी यायची, अंगावर पाणी घ्यायची, अर्धी भाकरी खायची आणि आडवी व्हायची. म्हणजे, आडवी व्हायचा प्रयत्न करायची म्हणा.

कारण गल्लीत सिस्टर एकच, आणि बीपी बघायचं मशीनही एकच. तेसुद्धा तिच्या लग्नात मामानं दिलेलं. लोक मिक्सर देतात, कुकर देतात, ह्या गड्यानं भाचीला बीपीचं मशीन दिलं आणि वर मांडवात सगळ्या वऱ्हाडाचं बीपी तपासून दाखवायला लावलं! तेव्हापासून उभ्या गल्लीला ठाऊक, की बुद्धरत्नच्या बायकोकडं यंत्र आहे.

दहाला दार वाजायचं. भीमण्णा. वय सत्तर, तब्येत खणखणीत, काळजी मात्र जगाची.

"सिस्टर हाय का?"

"झोपलीय की," दीपमालाची सासू सोजराबाई सांगायची, आणि त्याच श्वासात म्हणायची, "थांबा, उठवते."

आता ह्याला काय म्हणावं? सोजराबाई काही खाष्ट सासू नव्हती हो. सुनेच्या नोकरीचा तिला कोण अभिमान! बाजारात ओळख नसलेल्या बायांनासुद्धा "माझी सून सिस्टर हाय" असं सांगून यायची. पण दारात आलेला माणूस परत पाठवायचा म्हणजे तिच्या जिवावर यायचं. आणि दिवसाची झोप ही कुणाच्या कामाआड येण्याइतकी मोठी गोष्ट असते, हे तिच्या डोक्यात कधी शिरलंच नव्हतं.

दीपमाला डोळे मिटल्या मिटल्या भीमण्णाच्या दंडाला पट्टा बांधायची. "एकशेतीस, ऐंशी. काल होतं तेवढंच हाय अप्पा."

"म्हंजे काल बराबरच सांगितलं हुतीस म्हण की," असं म्हणून भीमण्णा खुशीत निघून जायचा.

तो गेला की पलीकडची ईरम्मा. तिला तीन महिन्यांपासून एकच गोळी चालू होती आणि ती जेवणाआधी घ्यायची का नंतर, हे तिला रोज नव्यानं विचारावंसं वाटायचं. झोपलेल्या दीपमालाला खांद्याला धरून हलवायची आणि "झोपलीस काय गं?" असं आधी कानडीत विचारायची, मग मराठीत, म्हणजे कुठल्या तरी एका भाषेत ती जागी व्हावी!

मग दुपारी एखाद्या पोराचा ताप. मग कुणाच्या दवाखान्याच्या चिठ्ठीवरचं अक्षर वाचून दाखवायचं. मग साडेतीनला सोजराबाईचा चहा. दिवसभरात मिळून दोन तास झोप झाली तर त्या दिवशी दिवाळी.

वरून गल्लीतल्या बायकांनी भलताच अंदाज बांधला. लग्नाला दोन वर्षं झालेली, सून दिवसा लोळते, डोळ्यांखाली काळं, जेवण नको म्हणते. झालं! ईरम्मानं एके दिवशी लोणच्याची बरणीच आणून दिली आणि डोळे मिचकावून म्हणाली, "कितवा?" दीपमाला झोपेत होती. तिला वाटलं रात्रपाळीचा दिवस विचारायलीय. म्हणाली, "सातवा." ईरम्मानं ते महिना म्हणून घेतलं आणि गल्लीभर बोंब झाली. पोट कुठं दिसत नाही म्हणून दोन बाया खास बघून गेल्या.

हसायचं तर हसा, पण दीपमालाचे हाल कुत्रं खात नव्हतं. सकाळच्या बसमध्ये डोळा लागून दोनदा ती जनवाडा सोडून थेट औरादला जाऊन आली. दवाखान्यात एका आजोबांचा ताप बीपीच्या रकान्यात लिहिला. इन्चार्ज सिस्टरनं तिला खुर्चीत डुलक्या घेताना दोनदा पकडलं आणि स्वच्छ सांगितलं, "तिसऱ्यांदा दिसलीस तर दुसऱ्या दिवसापासून येऊ नकोस."

नोकरी जाईल ही भीती होतीच. त्याहून वाईट भीती दुसरी होती, आणि ती तिनं कुणालाच सांगितली नव्हती. एका पहाटे चार नंबरच्या पेशंटचं इंजेक्शन भरून ती पाच नंबरच्या खाटेशी उभी राहिली होती. सुई टोचणार, तेवढ्यात त्या पेशंटची बायको म्हणाली, "सिस्टर, ह्यांना आता तर दिलात की." दीपमालानं सुई मागं घेतली. त्या बाईनं तोंड उघडलं नसतं तर? त्या दिवसापासून दीपमालाला एकच ठाऊक होतं, एकतर आपली झोप व्हायला पाहिजे, नाहीतर ही नोकरी आपणच सोडायला पाहिजे.

तिच्याबरोबरची ज्योती सिस्टर म्हणाली, "एवढं काय त्यात? गोळी घे. मी घेते की." आणि ओढणीच्या टोकाला बांधलेली एक गोळी हातावर ठेवली. जागं राहायची.

सिस्टर असून दीपमालानं असली न विचारलेली गोळी घ्यायला नको होती. घेतली. रात्र झकास गेली, काय सांगू! सगळी कामं वेळेवर, पेशंटशी हसून बोलणं, कपाटसुद्धा आवरून ठेवलं. सकाळी घरी आली तरी गोळी उतरलीच नाही. दहा वाजता घरातल्या सगळ्या गोधड्या धुतल्या. अकराला ईरम्माच्या धुतल्या. बारा वाजता भीमण्णा आला, तर त्याला धरून बसवलं आणि बीपी म्हणजे काय, ते हृदयापासून करंगळीपर्यंत समजावून सांगितलं. त्याचं बीपी आयुष्यात पहिल्यांदा वाढलं. तिची स्वतःची छाती अशी धडधडत होती की सोजराबाईला बाहेर ट्रॅक्टर उभा असल्यासारखं वाटलं. सलग दीड दिवस तिचा डोळा लागला नाही.

मग ज्योतीनं उताराही दिला. झोपायची गोळी. ती दीपमालानं सकाळी दहाला घेतली आणि उठली रात्री नऊला! बुद्धरत्ननं हलवलं, सोजराबाईनं पाणी मारलं, ईरम्मानं दोन्ही भाषा वापरल्या, पण बाई ढिम्म. ड्युटी बुडाली. इन्चार्ज सिस्टर फोनवर काय बोलली ते इथं न लिहिलेलं बरं. एवढंच, की ही शेवटची माफी.

तेव्हा मात्र ती दवाखान्यातल्या रेवणसिद्ध डॉक्टरांच्या समोर जाऊन बसली आणि सगळं ओकून टाकलं. चार नंबर, पाच नंबर, गोधड्या, सगळं. डॉक्टर मोठे शांत माणूस. आधी त्यांनी ज्योतीला बोलावून तिच्याकडच्या गोळ्या काढून घेतल्या. मग म्हणाले, "मला तुझ्या दिवसाचा हिशेब सांग. किती वाजता पडतीस, कोण उठवतंय."

तिनं सांगितलं. ते ऐकत गेले आणि हसत गेले.

"तुला काय लिहून देऊ ते सांगू? उपाशी माणसाला भूक मारायची गोळी देत्यात काय? जेवायला वाढत्यात. झोपेचे खरे आजार असत्यात, त्यांना औषध हाय, आणि ते मी देतो, लोकांना गुणही येतो. कुणी औषधावर असला तर त्याला नावं ठेवायची न्हाईत. पण तुला आजार झालाय का न्हाई, ते तू झोपल्याबिगर मला कळायचं कसं? पंधरा दिवस रोज सलग सहा तास झोपून ये. तरी असंच राहिलं तर तपासू, लागलं तर गोळी लिहू."

आणि त्यांनी छापील कागदावर, सही-शिक्क्यानिशी लिहिलं: सकाळी साडेदहा ते साडेचार झोप. मध्ये उठवू नये.

दीपमालाला वाटलं, चला, जिंकलं! घरी येऊन तिनं कागद सासूच्या हातात दिला. सोजराबाईला वाचता येत नव्हतं, तिनं तो बुद्धरत्नला दिला. बुद्धरत्न शाळेची गाडी चालवायचा. माणूस देवगुणी, पण औषधाचा कागद दिसला की मेडिकल दुकान गाठायचं, एवढंच त्याला माहीत. वाचण्याआधीच निघाला. दुकानदारानं कागद उलटासुलटा केला, म्हणाला, "भाऊ, हे आमच्याकडं न्हाई मिळत." हा शेजारच्या दुकानात गेला. तिथंही नाही. शेवटी रिकाम्या हातानं काय जायचं, म्हणून टॉनिकची बाटली घेऊन आला.

"म्हंजे गोळी न्हाई?" सोजराबाईनं विचारलं.

"न्हाई आत्या. झोपा म्हणाले."

"सुई बी न्हाई?"

"न्हाई."

"मग कसला डाक्टर! काय बी झालेलं न्हाई म्हणून त्येनं काढून लावलं तुला." आणि सोजराबाई निर्धास्त झाली. सुनेला काही झालेलं नाही, ह्याहून चांगली बातमी कुठली? त्या आनंदात तिनं पुढच्या दिवशी भीमण्णाला आत बोलावून वर चहा पाजला.

दीपमाला त्या दुपारी भिंतीकडं तोंड करून रडली. सासूवर राग नव्हता. राग ह्याचा होता, की आपण रोज घसा कोरडा करून सांगतो, "आत्या, मला झोपू द्या," आणि ते कुणाच्या कानापर्यंत पोचतच नाही. गोळी नाही, सुई नाही, म्हणजे दुखणं नाही. रडता रडताच तिच्या डोक्यात चमकलं, की ह्या गल्लीत आजाराची खूण कुठली? सलाईन! अशक्तपणा आला, लाव सलाईन. लग्नात धावपळ झाली, लाव सलाईन. आणि ज्याला सलाईन लागलंय त्याच्या खोलीत माणसं चपला हातात घेऊन येतात, लांबून बघतात, हळू आवाजात "अरेरे" म्हणतात आणि निघून जातात. सलाईन लावलेल्या माणसाला हलवायची कुणाची छाती नाही.

गेल्या साली बुद्धरत्नला डेंग्यू झाला होता, तेव्हा घरीच सलाईन लावलं होतं. त्या बाटल्या सोजराबाईनं धुऊन माळ्यावर ठेवल्या होत्या, नळ्यांसकट. घरातली कुठलीच वस्तू ती टाकत नसे. दीपमालानं एक बाटली उतरवली, पाण्यानं भरली. नवऱ्याला मात्र खरं सांगितलं. तो आधी हसला, मग घाबरला, मग गुपचूप भिंतीत खिळा ठोकून दिला.

सुई नाही, काही नाही. नळीचं टोक मनगटावर ठेवून वर चिकटपट्टी. नळीची चावी बंद. "आत्या, हे चालू असताना मला हलवायचं न्हाई. बोलायचं बी न्हाई."

सोजराबाईचा चेहरा पडला. "अगं माय! एवढं काय झालंय तुला?"

"साडेचारला काढते," म्हणून दीपमालानं डोळे मिटले.

आणि काय झोपली म्हणता! साडेदहा ते साडेचार, एका कुशीवर. भीमण्णा आला, दारातून बाटली बघितली, दोन पावलं मागं सरकून निघून गेला. ईरम्मानं आपली गोळी आपल्या मनानं, जेवणानंतर घेतली. तिलाही काही झालं नाही. दुसऱ्या दिवशीही तसंच, तिसऱ्या दिवशीही तसंच. रात्री दवाखान्यात दीपमालाच्या अंगात नुसता हुरूप. कोण कुठल्या खाटेवर, कुणाला काय द्यायचं, सगळं आरशासारखं स्वच्छ. ज्योतीनं कोपऱ्यात घेऊन विचारलं, "कुठली गोळी चालू केलीस गं? मला पण सांग की." दीपमाला पोट धरून हसली.

पण रोज भरून दिसणारी बाटली बघून गल्लीनं आपला निष्कर्ष काढलाच. तीन दिवस सलाईन! म्हणजे मोठं काहीतरी आहे. कुणी म्हणालं रक्त आटलं, कुणी म्हणालं पोटातलं गेलं. निंबर्ग्याला दीपमालाच्या आईला फोन गेला, कुणी केला देव जाणे, आणि सुभद्राबाई रडत रडत पहाटेच्या गाडीला बसली. सोजराबाईनं तीन दिवस नीट जेवणसुद्धा केलं नव्हतं. हे दीपमालाला कळायचं कसं? ती झोपेत होती ना!

चौथ्या दिवशी विहारातलं महिला मंडळ आलं. पुढं अंगणवाडीच्या मंजुश्रीबाई, मागं पांढऱ्या साड्यांतल्या अकरा बाया. कुणी घरात आजारी पडलं की वंदना म्हणायला जायचा त्यांचा रिवाज. खाटेभोवती बसल्या, मेणबत्ती लावली आणि सलाईन आहे म्हणून अगदी दबक्या आवाजात त्रिसरण सुरू केलं. दीपमाला जागी झाली, पण डोळे उघडायची सोय कुठं? तशीच पडून राहिली.

त्रिसरण झालं, पंचशील सुरू झालं. लहानपणापासून तोंडपाठ. पहिलं शील, हिंसा नको. ठीक. दुसरं, चोरी नको. बाटली घरचीच होती, ठीक. तिसरं, व्यभिचार नको. त्याच्याशी तिचा संबंधच नाही. आणि मग पुढचं कुठलं ते तिला आठवलं. बारा बाया गंभीर तोंडानं, तिच्यासाठी, तिच्या बोगस सलाईनभोवती बसून खोटं न बोलण्याचं शील म्हणायला लागल्या! ओठ दाबले, श्वास रोखला, खाट हलायला लागली. "आचके यायलेत!" कुणीतरी ओरडलं. आणि दीपमाला फसकन हसली. हसत हसत उठून बसली, तशी चिकटपट्टी सुटली आणि नळी मंजुश्रीबाईंच्या मांडीवर पडली. सुई नव्हती, रक्त नव्हतं. बाया बघतच राहिल्या. पाचवं शील म्हणायचं राहूनच गेलं.

"खोटं हाय हे," दीपमाला म्हणाली. हसणं थांबेना आणि डोळ्यांतून पाणी यायला लागलं. "पाणी हाय नुसतं. मला काय बी झालेलं न्हाई. मला झोपायचं हुतं."

कुणी हसलं, कुणी तोंडाला पदर लावला. मंजुश्रीबाईंनी मेणबत्ती विझवावी का ठेवावी, हे त्यांना कळेना. सोजराबाई मात्र चुलीजवळून उठून पुढं आली. तीन दिवसांच्या काळजीनं ओढलेला तिचा चेहरा बघून दीपमालाचं हसू विरलं.

"सोंग केलंस?"

"व्हय आत्या."

"झोपायला?"

"व्हय."

"माझ्या घरात तुला झोपायला आजाराचं सोंग करावं लागलं?" तिनं बाटलीकडं बघितलं. "मी काय वैरीण हाय का गं तुझी? एकदा सांगितलं असतीस तर?"

"रोज सांगितलं आत्या," दीपमाला म्हणाली. "रोज."

सोजराबाई आठवून बघायला लागली असणार, कारण दिवस मोजल्यासारखे तिचे ओठ हलत होते. मग तिनं बायांना हात जोडले. "जय भीम. आता जावा तुम्ही. चहा मागनं पाजते." बाया उठल्या. तिनं दाराची कडी लावली आणि खाटेच्या कडेला बसली.

"मला ठावंच न्हाई गं," ती म्हणाली. "लगीन झाल्यापासनं दिवसा पाठ टेकली न्हाई मी. बाळंतपणात बी दहाव्या दिशी खुरपं घेऊन रानात. झोप आली की तोंडावर पाणी मारायचं, दुसरं औषध ठाव न्हाई. दिवसा झोप यायली म्हणून कुणाला सांगायचं असतंय, हेच ठाव न्हाई मला." आणि ती रडली. दीपमालानं सासूला कधी रडताना बघितलं नव्हतं. तिनं तिचा हात धरला. हात खरखरीत होता आणि थकलेला होता.

जरा वेळानं सोजराबाईनं नाक पुसलं, खिळ्याकडं बघितलं आणि हळूच विचारलं, "माळ्यावर अजून हायेत न्हवं बाटल्या?"

"दोन हायेत. कामून?"

"मला बी लाव एक. बघू तरी कसं वाटतंय ते."

दीपमालाला पुन्हा हसू फुटलं. तिनं दुसरी खाट ओढली, दुसरी बाटली भरली. सोजराबाई अंग चोरून पडली, छतावरचे पत्रे मोजते म्हणाली आणि पाच मोजायच्या आत घोरायला लागली. दीपमालानं कडीवर एक नजर टाकली आणि तिचाही डोळा लागला.

दोनच्या सुमाराला निंबर्ग्याची सुभद्राबाई पोचली. दोन गाड्या बदलून, पहाटेपासून उपाशी. दार वाजवलं, कुणी उघडेना, म्हणून खिडकीतून बघितलं तर काय, लेक सलाईनवर आणि विहीणबाईसुद्धा सलाईनवर! तिनं जो टाहो फोडला, तो भीमण्णापर्यंत गेला.

सोजराबाईनं एक डोळा उघडला. शेजारी बघितलं, सून गाढ झोपेत होती. मग सोजराबाई बाटलीसकट नळी हातात धरून चोरपावलांनी खिडकीपाशी गेली आणि विहिणीच्या तोंडावर हात ठेवला.

"रडू नका. समदं बरं हाय. ईरम्माच्या घरी जाऊन भाकरी खावा, पाय धुवा," ती कानात म्हणाली. "साडेचारला या. तवर मी कुणाला बी उठवू द्यायची न्हाई तिला, तुम्ही आई असलाव तरी."

आणि ती परत जाऊन झोपली.